आधी स्वतःची मोजणी, मग मागणी

ग्रामसभेचा विषय निघाला की ‘तिथे आमचे कोण ऐकतो?’ हे उत्तर ठरलेले असते. आम्ही घोडेगावचे. नगर–संभाजीनगर रस्त्यावरचे, कांद्याच्या बाजारासाठी ओळखले जाणारे हे नेवासे तालुक्यातले गाव. इथल्या घराघरांत हे वाक्य आम्ही ऐकतो. भगिनींकडून तर एवढेही ऐकू येत नाही, कारण सभेला जायचे असते हेच अनेकींना ठाऊक नसते. म्हणून आज आम्ही वाचकांना मुंबईत भायखळ्याला घेऊन जाणार आहोत. तिथल्या ज्या बायकांची ही गोष्ट आहे, त्यांच्याकडे ना जमीन होती, ना घर क्रमांक, ना रेशन कार्ड.

1981 च्या पावसाळ्यात तेव्हाचे मुख्यमंत्री बॅरिस्टर अंतुले यांनी मुंबईतल्या फुटपाथवरच्या झोपड्या हटवून लोकांना त्यांच्या गावी पाठवण्याचा आदेश दिला. पत्रकार ओल्गा टेलिस आणि इतरांनी सर्वोच्च न्यायालयात दाद मागितली. 10 जुलै 1985 ला निकाल लागला. उपजीविकेचा हक्क हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, असे न्यायालयाने म्हटले, आणि निकालातला हा भाग सगळीकडे सांगितला जातो. पण फुटपाथ मोकळे करण्याचा महापालिकेचा अधिकारही त्याच निकालाने मान्य केला होता. पावसाळा संपल्यावर एक महिना उलटेपर्यंत, म्हणजे 31 ऑक्टोबरपर्यंत, झोपड्या पाडू नयेत अशी सवलत मिळाली. भायखळ्याच्या बायकांच्या दृष्टीने तो निकाल म्हणजे उठण्याची तारीख होती.

नागपाडा–भायखळा परिसरात, झुला मैदान आणि सोफिया झुबेर रस्त्याच्या आसपास राहणाऱ्या या बायकांत मुस्लिम भगिनी मोठ्या संख्येने होत्या. 1984 मध्ये सुरू झालेली ‘स्पार्क’ ही संस्था तिथेच, महापालिकेच्या दवाखान्याच्या गॅरेजमध्ये बसत असे. बायका तिथे येऊन बसू लागल्या, बोलू लागल्या. आता झोपड्या पाडणार, मग मोर्चा काढायचा की न्यायालयात जायचे, असा प्रश्न होता. त्यांनी तिसरीच गोष्ट केली. स्वतःची मोजणी केली.

सरकार म्हणत होते, हे लोक उपरे आहेत, आज इथे तर उद्या तिथे. खरे काय ते कोणाच्याच कागदावर नव्हते. 1985 मध्ये झालेल्या या पाहणीत सुमारे सहा हजार कुटुंबांची, म्हणजे जवळजवळ सत्तावीस हजार माणसांची नोंद झाली. कोण कुठून आले, किती वर्षे झाली, काय काम करतात, किती मिळवतात, हे सगळे लिहिले गेले. बहुतेकांचे काम पायी जाता येईल इतक्या अंतरावर होते. फुटपाथ सोडायचा तर रोजीही सोडावी लागणार, हे आता कागदावर आले. अहवालाचे नाव ठेवले ‘वुई, द इनव्हिजिबल’, म्हणजे आम्ही, कोणाला न दिसणारे.

पुढच्या वर्षी, 1986 मध्ये, ‘महिला मिलन’ उभे राहिले. त्याचा कणा म्हणजे रोजची बचत. एक भगिनी दारोदार जाई आणि जिच्याकडे जे असेल, रुपया असेल तर रुपया, ते घेई. कोणी आजारी पडले, कोणाचे काम सुटले तर त्याच पैशांतून कर्ज. आम्हाला यातली रक्कम महत्त्वाची वाटत नाही. रोज एक बाई दुसरीच्या दारात जाते, तेव्हा कोणाचा नवरा घरी बसून आहे, कोणाचे मूल तापाने फणफणले आहे, हे सगळ्यांना कळते. पाडकामाची गाडी आली की त्या स्वतःच झोपडी उतरवून सामान बाजूला ठेवत, म्हणजे बांबू-ताडपत्री तरी जप्त होत नसे. भांडण कमी, हिशेब जास्त.

मग घराचा विचार सुरू झाला. वास्तुविशारदाची वाट न पाहता त्यांनी साड्यांनी जागा मोजली आणि कापडाचे पूर्ण मापाचे घर उभे करून लोकांना दाखवले. खोली लहान असली तरी छत चौदा फूट उंच हवे, म्हणजे पोटमाळा निघतो, हे त्यांचेच डोके. अधिकाऱ्यांनी ते बघितले. घर मागणारी बाई घराचा आराखडाही सांगू शकते, हे त्यांना बहुधा नवीन होते.

या कामात त्यांच्यासोबत होते राष्ट्रीय झोपडपट्टी महासंघाचे जॉकिन अर्पुथम. त्यांची स्वतःची जनता कॉलनी 1976 मध्ये, आणीबाणीत उठवली गेली होती. पुढे 2000 मध्ये त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. 2018 मध्ये ते गेले.

यश लगेच आले नाही. 1995 च्या झोपडपट्टी पुनर्वसन योजनेत फुटपाथवासीयांना पात्र धरले गेले, म्हणजे निकालानंतर दहा वर्षांनी. त्यानंतरही घराची वाट पाहण्यात वर्षे गेली. अनेकींना घर मिळाले ते मानखुर्दला, भायखळ्याच्या कामापासून लांब. काम पायी जाण्याइतके जवळ हवे, हे त्यांनीच मोजून सांगितले होते; घर मिळाले, ती जवळीक गेली. हा सौदा पूर्ण न्यायाचा झाला असे आम्ही म्हणणार नाही.

आपल्या घरांत कधी कधी विचारले जाते की बाईने सभेत बोलावे का. हजरत खौला बिन्ते सअलबा (रजि.) आपली तक्रार घेऊन थेट प्रेषितांकडे (स.) गेल्या आणि त्यांनी वाद मांडला. ‘सूरह अल-मुजादला’ची सुरुवातच त्या प्रसंगाने होते. एवढ्यावर आम्हाला तरी हा प्रश्न उरत नाही.

आता घोडेगावकडे येऊ. आपल्या ग्रामपंचायत कायद्याप्रमाणे आर्थिक वर्षात किमान चार ग्रामसभा व्हाव्या लागतात, आणि प्रत्येक ग्रामसभेआधी महिलांची वेगळी सभा घ्यावी लागते. ‘आमचा गाव, आमचा विकास’ या उपक्रमात गावाचा वार्षिक आराखडा ग्रामसभेपुढे ठेवायचा असतो. भायखळ्याच्या बायकांना यातले काहीच उपलब्ध नव्हते.

म्हणून मोहल्ल्यातल्या पाच-सहा जणींनी एक वही घ्यावी. पुढच्या महिला सभेआधी गल्लीतले प्रत्येक घर लिहून काढावे: नळाला पाणी किती दिवसांनी येते, गटार कुठे तुंबते, शौचालय आहे की नाही, कोणत्या वृद्धेची पेन्शन अडली आहे, शाळेतून कोणती मुलगी घरी बसली आहे. घरे शेजाऱ्यांचीही लिहावीत, मग ते कोणत्याही धर्माचे असोत. तुंबलेले गटार सगळ्यांच्याच दारात येते. वहीवर घरागणिक सही किंवा अंगठा घ्यावा. सभेत ती वाचून दाखवावी, एक प्रत ग्रामपंचायत अधिकाऱ्याकडे देऊन पोच घ्यावी, आणि विषय इतिवृत्तात आला का ते नंतर जाऊन पाहावे.