सुईच्या आधीचं सांगणं

मूल धडपडलं की आई गुडघा चोळते, फुंकर घालते. त्या चोळण्यानं दुखणं खरोखर कमी होतं! १९६५ साली मेल्झॅक आणि वॉल या शास्त्रज्ञांनी मांडलं की वेदनेच्या वाटेवर, मज्जारज्जूत, एक फाटक असतं. चोळल्याचा स्पर्श तिथे पोचला की ते फाटक लोटून बंद होतं. त्याहून थक्क करणारी गोष्ट म्हणजे वरून मेंदूही ते हलवत असतो. घाबरलेल्या पोराला तीच सुई जास्त दुखते. म्हणजे सुईआधी आपण काय बोलतो, त्याचाही त्या दुखण्यात वाटा असतो.

सुई नसलेल्या तपासणीलाही हेच लागू. अमळनेर तालुक्यातल्या अंगणवाड्या-शाळांत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक मुलं तपासतं. २०१३ साली पालघरला सुरू झालेली ही योजना. छातीत वेगळा आवाज ऐकू आला की पुढे टूडी इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी. मोठ्यांच्या लेखी साधी तपासणी. चार वर्षांच्या पोरीला मात्र अंधारी खोली, काढलेला फ्रॉक, अनोळखी हात. तिला घरीच सांगावं, ‘छातीवर गार जेली लावतील, वरून एक यंत्र फिरवतील. टोचणार नाही. पण हलायचं नाही हं. पडद्यावर तुझं हृदय उडताना दिसेल.’ स्वतःचं हृदय! किती मोठ्या माणसांनी ते पाहिलेलं असतं?

लहानग्याला आदल्या दिवशी सांगितलं तरी पुरतं. फार आधी सांगितलं तर भीती मुरते. शाळकरी मुलाला काही दिवस आधी सांगावं, प्रश्न विचारू द्यावेत. पुष्कळ लहान मुलांना वाटतं, आपण खोड्या केल्या म्हणून ही शिक्षा. तसं नाही, हे स्पष्ट शब्दांत सांगायलाच हवं. बाहुलीला आधी पट्टी बांधू द्यावी.

जागतिक आरोग्य संघटनेनं २०१५ साली लसीकरणाबाबत सांगितलं, की मुलाला आडवं दाबून धरू नका, मांडीवर बसवा. तान्ह्याला अंगावर पाजत असतानाच सुई द्या. जास्त दुखणारी लस शेवटी. यातल्या कशालाच पैसा लागत नाही.

‘काही दुखणार नाही’ ही थाप मात्र मारू नये. पुढच्या वेळी मूल आपलं खरं बोलणंही मानत नाही. ‘मुंगी चावल्यासारखं होईल, मी हात धरून आहे’, एवढं म्हणावं. आणि एक कळकळीची विनंती: जेवत नाही, झोपत नाही म्हणून पोराला ‘डॉक्टर सुई देतील’ असा धाक आजपासून घालू नका.