उपचारांचीही तपासणी हवी

हृदयविकाराच्या झटक्यातून वाचलेल्या माणसाचे ठोके पुढे अधूनमधून चुकतात, आणि ज्यांचे जास्त चुकतात त्यांना अचानक मृत्यूचा धोका जास्त असतो, हे १९८०च्या दशकात हृदयरोगतज्ज्ञांना चांगले ठाऊक होते. मग ठोके ताळ्यावर आणणारी औषधे दिली तर माणसे वाचतील, हा तर्क कुणालाही पटण्यासारखाच होता. एन्केनाइड आणि फ्लेकेनाइड ही औषधे सुरू केली की ईसीजीवर चुकलेले ठोके खरोखरच कमी दिसत, आणि अमेरिकेतले डॉक्टर ती विश्वासाने लिहून देत. १९८७ साली सुरू झालेल्या ‘कास्ट’ या चाचणीत रुग्णांचे चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे दोन गट केले. एका गटाला औषध दिले, दुसऱ्याला तशीच दिसणारी, औषध नसलेली गोळी. १९८९ साली या दोन औषधांपुरती ती चाचणी मध्येच थांबवावी लागली. १९९१ साली सविस्तर आकडे प्रसिद्ध झाले: औषध घेणाऱ्या ७५५ जणांपैकी ६३ जण दगावले होते आणि नुसती गोळी घेणाऱ्या ७४३ जणांपैकी २६. ईसीजी सुधारत होता आणि माणसे मरत होती.

एवढी मोठी हानी रोज रुग्ण पाहणाऱ्या डॉक्टरांच्या लक्षात कशी आली नाही? यात निष्काळजीपणा शोधण्याचे कारण नाही. हृदय आधीच दुबळे झालेला रुग्ण गेला की दोष आजाराला दिला जातो, आणि तो रुग्ण औषध न घेता जगला असता का, हे त्याच्याकडे पाहून कळायला काहीच मार्ग नसतो. शंभरात तीन-चार मृत्यू आणि शंभरात आठ मृत्यू यांतला फरक एका दवाखान्यातून दिसत नाही. तो शेकडो रुग्णांची तुलना शेजारी शेजारी मांडली तरच दिसतो. म्हणूनच रूढ झालेल्या प्रत्येक निदानपद्धतीला आणि उपचाराला, तो कितीही तर्कशुद्ध वाटला तरी, अशा तुलनेतून जावे लागले पाहिजे आणि त्यातून निघालेले उत्तर दवाखान्यापर्यंत पोचले पाहिजे, असे मला ठामपणे वाटते.

हा प्रश्न हृदयरोगापुरता नाही. झिजलेल्या गुडघ्यात दुर्बीण घालून तो आतून धुऊन, खरवडून काढण्याची शस्त्रक्रिया वर्षानुवर्षे होत होती. २००२ साली अमेरिकेत ह्यूस्टनमधल्या १८० रुग्णांवरचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यातल्या काहींच्या गुडघ्यावर फक्त छेद देऊन टाके घातले होते. दोन वर्षांनी पाहिले, तर त्यांच्या आणि खरी शस्त्रक्रिया झालेल्यांच्या वेदनेत फरक नव्हता. निदानातही हेच घडते. रक्तातली प्रतिपिंडे पाहून क्षयरोग ओळखण्याच्या तपासण्या आपल्याकडच्या खासगी प्रयोगशाळांत सर्रास चालत. त्या निरोगी माणसाला रोगी आणि रोग्याला निरोगी ठरवतात हे पुराव्यानिशी दिसल्यावर जागतिक आरोग्य संघटनेने २०११ साली त्या वापरू नयेत असे स्पष्ट सांगितले, आणि २०१२ साली भारत सरकारने त्यांच्यावर बंदी घातली.

यावर अनेक डॉक्टर म्हणतात की प्रत्येक रुग्ण वेगळा असतो, आणि अनुभवाला पर्याय नाही. अनुभवाची किंमत मला पूर्ण मान्य आहे. कोकणात लाल विंचू चावलेली मुले फुप्फुसात पाणी होऊन दगावत. गंभीर रुग्णांत मृत्यूचे प्रमाण तीस टक्क्यांपर्यंत असे. या विषाने शरीरात रक्तवाहिन्या आवळणाऱ्या रसायनांचा लोंढा सुटतो, हे रायगड जिल्ह्यात अशा रुग्णांच्या उशाशी बसून डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी ओळखले आणि रक्तदाबावरचे प्राझोसिन हे साधे, स्वस्त औषध वापरायला सुरुवात केली. मृत्यू झपाट्याने घटले. ही अनुभवाचीच देणगी. पण प्राझोसिनच्या जोडीला प्रतिविष द्यावे का, हा प्रश्न आला तेव्हा ते अनुभवावर विसंबून राहिले नाहीत. १९९९ साली ट्युनिशियात ८२५ रुग्णांवर झालेल्या चाचणीत प्रतिविषाचा फायदा दिसला नव्हता, पण तिथला विंचू वेगळा. बावस्करांनी महाडमध्ये ७० रुग्णांची तुलना केली आणि २०११ साली ती प्रसिद्ध झाली. दोन्ही औषधे मिळालेल्या ३५ पैकी ३२ जण दहा तासांत बरे झाले, तर नुसत्या प्राझोसिनवर ३५ पैकी ८. तालुक्याच्या गावात हे होऊ शकते, तर मोठ्या शहरांतल्या रुग्णालयांना सबब उरत नाही.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. रुग्णाला खोटी शस्त्रक्रिया देणे अनैतिक नव्हे का? रुग्णाला सगळे आधी समजावून त्याची संमती घेतली नसेल, किंवा एखादा उपचार जीव वाचवतो हे आधीच सिद्ध असेल, तर ते नक्कीच अनैतिक. पण उपयोग आहे की नाही हेच ठाऊक नसताना हजारो गुडघे उघडत राहणे मला त्याहून गैर वाटते. आणि अशा चाचण्या उपचार मोडीत काढण्यासाठीच असतात, हेही खरे नाही. श्रमाने छातीत दुखणाऱ्या, प्रकृती स्थिर असलेल्या रुग्णांना स्टेंटमुळे किती आराम पडतो, हे लंडनमधून चाललेल्या ‘ऑर्बिटा’ चाचणीत तपासले गेले. २०१७ साली दिसले की आधीच भरपूर औषधे चालू असतील तर चालण्याची क्षमता स्टेंटने विशेष वाढत नाही. त्याच संशोधकांनी पुढे औषधे बंद ठेवून पुन्हा तुलना केली, आणि २०२३ साली स्टेंटने दुखणे कमी होते असे आढळले. (हृदयविकाराचा ताजा झटका आलेला असताना स्टेंट जीव वाचवतो, तो वेगळाच प्रसंग आहे. तिथे कुणीही थांबू नये.) शास्त्राने शब्द फिरवला असे याला म्हणता येत नाही. कुणाला, कोणत्या अवस्थेत, किती फायदा, हे त्यातून अधिक नेमके कळले.

आपल्या अगदी जवळचे उदाहरण विडाल तपासणीचे. ती १८९६ पासूनची आहे. तापाच्या रुग्णाचे रक्त एकदाच तपासून ‘टायफॉइड’ म्हणायचे आणि प्रतिजैविके सुरू करायची, ही गावोगावची रीत. पण जिथे टायफॉइड सतत असतो तिथे जुन्या संसर्गामुळे किंवा लसीमुळेही विडाल पॉझिटिव्ह येते, आणि खरा आजार असून सुरुवातीला निगेटिव्हही येते. खात्रीसाठी प्रतिजैविक सुरू करण्याआधी रक्तातले जंतू वाढवून पाहावे लागतात. त्याला काही दिवस आणि नीट प्रयोगशाळा लागते, म्हणून लहान गावातला डॉक्टर विडालकडे वळतो. त्याला दोष देऊन काही साधणार नाही. तालुक्याच्या रुग्णालयात रक्ताचे कल्चर करण्याची सोय आणि ते करणारा तंत्रज्ञ आधी मिळाला पाहिजे.