गृहपाठातील निबंधवजा उत्तर : स्वानुभव आणि संहितेचा पुरावा

दूरशिक्षणात अध्यापक रोज समोर नसतो. तुमचे वाचन कोणत्या दिशेने चालले आहे, हे त्याला मुख्यत्वे गृहपाठावरूनच कळते. बाजारातील गाइडमधून उतरवलेल्या उत्तराला गुण मिळतीलही, पण अशा उत्तरावर तो जो शेरा लिहील तो तुमच्या वाचनावरचा नसेल.

'बनगरवाडी'तील गाव हेच कादंबरीचे मुख्य पात्र आहे, चर्चा करा, असा प्रश्न आहे असे समजा. व्यंकटेश माडगूळकरांची ही कादंबरी १९५५ साली प्रसिद्ध झाली. बहुतेक उत्तरांत तरुण मास्तर धनगरांच्या वाडीत येतो, शाळा भरते, तालीम उभी राहते, दुष्काळ पडतो, एवढेच येते. हे कथानक झाले. (त्याआधी पानभर लेखकपरिचय लिहिण्याची सवयही सोडून द्यावी.) 'चर्चा करा' म्हणजे विधान तपासून पाहा. तालीम साऱ्या वाडीच्या श्रमातून उभी राहते आणि वाडी उठते तेव्हा कादंबरीही संपते, या गोष्टी विधानाच्या बाजूने जातात. परंतु ही वाडी आपल्याला दिसते ती बाहेरून आलेल्या मास्तरच्या नजरेतून. मग मुख्य पात्र वाडी की तिला पाहणारा? या प्रश्नापाशी पोहोचलात की खरे उत्तर सुरू होते.

येथे स्वानुभवाचा उपयोग होतो. पनवेलजवळच्या नावडे गावात राहणाऱ्या वाचकाला ही कादंबरी वेगळी भिडेल. १९७० साली सिडकोची स्थापना झाली. पुढे नवी मुंबईसाठी या पट्ट्यातील जमिनी संपादित झाल्या, शेजारी तळोज्याची औद्योगिक वसाहत उभी राहिली. बनगरवाडीत माणसे गाव सोडून जातात. येथे माणसे जागेवरच राहिली आणि भोवतालची भातशेती गेली. तेव्हा गाव म्हणजे जागा, माणसे की त्यांचा व्यवसाय, असा प्रश्न अशा वाचकाला सहज पडेल. तो उत्तरात अवश्य मांडावा, पण दोन-तीन वाक्यांतच. नावड्याच्या अनुभवाने बनगरवाडीविषयीचे विधान सिद्ध होत नाही. त्यासाठी मेंढरे, पाऊस आणि कारभारी यांविषयीचे कादंबरीतील प्रसंगच दाखवावे लागतात.

पाळी संपवून लिहायला बसणाऱ्यांनी काम दोन बैठकांत विभागावे. पहिल्या बैठकीत पेन्सिल घेऊन वाचावे आणि प्रसंगांचे पृष्ठांक टिपून ठेवावेत. दुसऱ्या बैठकीत गाइड मिटून लिहावे. पहिला परिच्छेद सर्वांत शेवटी लिहिला तरी चालतो.