चेरी व्हिनियरचं टेबल: ३१,५०० रुपये सांगताना आवाज का खाली जातो?



फर्निचरच्या व्हिडिओखाली एकच प्रश्न पुन्हा पुन्हा येतो: "सर, हात चांगला आहे, काम पण भरपूर आहे, पण महिन्याच्या शेवटी हातात काही उरत नाही." हा प्रश्न फक्त सुतारकामाचा नाही. शिवणकाम, फॅब्रिकेशन, केक, सगळीकडे हेच चाललंय. म्हणून आज एकच वस्तू घेऊन तिचा पूर्ण हिशोब लावू. वस्तू आहे हाताने बनवलेलं चेरी व्हिनियरचं स्टडी टेबल, पाय आजच्या पद्धतीचे. ठिकाण आपलं जुळे सोलापूर.

जुळे सोलापूरच का? इथे बंगले आहेत, नवे फ्लॅट आहेत, दवाखाने आणि क्लासेस आहेत. घरून काम करणारी मुलं आहेत, सीए आणि वकिलांची छोटी ऑफिसं आहेत. अशा माणसाला टेबल हवं असलं की त्याच्यापुढे दोनच रस्ते असतात. एक तर ऑनलाइनचं भुशाच्या बोर्डाचं टेबल, नाहीतर मिस्त्रीला बोलावून सनमायका मारलेलं टेबल. मधली जागा रिकामी आहे आणि ती भरणारा माणूस रोजंदारीवरून स्वतःच्या नावावर येऊ शकतो.

व्हिनियर म्हणजे फसवणूक नाही, पण लपवलंत तर आहे

चेरी म्हणजे अमेरिकन ब्लॅक चेरीचं लाकूड. आपल्याकडे ते बाहेरून येतं, त्यामुळे अख्खं भरीव टेबल बनवायचं तर भाव फार वर जातो. व्हिनियर म्हणजे त्याच खऱ्या लाकडाचा साधारण अर्धा मिलिमीटर जाडीचा पापुद्रा. तो प्लायवर चिकटवतात. ही काही आजकालची काटकसर नाही. इजिप्तमध्ये १९२२ साली तुतनखामेनची कबर उघडली, त्यातल्या सामानावरही एबनीचे आणि हस्तिदंताचे असे पातळ थर चिकटवलेले होते. राजाला काय लाकडाची कमी होती? महागडं लाकूड पुरवून वापरणं ही कारागिरीच आहे.

आता महत्त्वाचं. कोटेशनवर "चेरी लाकडाचं टेबल" असं लिहू नका. "प्लायवर नैसर्गिक चेरी व्हिनियर" असं स्पष्ट लिहा. बाजारात रिकॉन व्हिनियर पण मिळतं. ते दुसऱ्या स्वस्त लाकडाचे थर रंगवून, दाबून चेरीसारखं दिसेल असं बनवलेलं असतं. ते वापरलं तर तेही लिहा. सोलापूरकरांना हे वेगळं सांगायला नको. आपल्या चादरीला भौगोलिक मानांकन आहे, तरी तिच्या नावावर भलताच माल खपवणारे आहेतच. नाव एकदा खराब झालं की खऱ्या विणकरालाही भाव मिळत नाही. आपल्या टेबलाचं तसं होऊ देऊ नका.

डिझाइन आधी शीटवर, मग कागदावर

बरेच जण आधी सुंदर चित्र काढतात आणि मग माल आणायला जातात. उलटं करा. सुरुवातीला सुटा पापुद्रा घेण्यापेक्षा ४ मिमी प्लायवर चिकटवून आलेलं तयार व्हिनियर घ्या. ते ८ बाय ४ फुटांच्या शीटमध्ये येतं आणि रेषा लांबीच्या दिशेने असतात.

टेबलाचा टॉप साडेचार फूट लांब आणि पावणेचोवीस इंच रुंद ठेवला, तर एका शीटच्या रुंदीत दोन टॉप शेजारी शेजारी बसतात. तो पाव इंच कशाला सोडला? करवतीच्या पात्याला. रुंदी पूर्ण २४ इंच धरलीत तर दुसरा टॉप पात्याच्या जाडीइतका कमी पडणार. उरतो साडेतीन फूट बाय चार फुटांचा तुकडा. त्यातून दोन्ही टेबलांच्या खणांचे दर्शनी भाग आणि मागच्या पट्ट्या निघतात. पाय कडेपासून सहा-सहा इंच आत घेतले की मागची पट्टी साधारण ३८ इंचांची लागते, म्हणजे त्या तुकड्यात आरामात बसते.

म्हणजे एक शीट, दोन टेबलं. एका टेबलाची ऑर्डर आली तरी दुसऱ्याचा माल त्याच वेळी कापून ठेवता येतो. वाया जाणारा तुकडा तुमच्याच खिशातून जातो, हे विसरू नका.

बनवताना सांभाळायच्या पाच गोष्टी

१. दोन्ही बाजू सारख्या ठेवा. मधे १६ मिमी प्लाय, वर ४ मिमी व्हिनियर शीट आणि खाली ४ मिमी साधा प्लाय. एकूण जाडी २४ मिमी. फक्त वरच्या बाजूला चिकटवलं तर टॉपला वाक येतो. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीच्या वर जातो, हवा कोरडी होते, आणि मग पावसाळ्यात ओल. लाकूड आकसतं, फुगतं. दोन्ही बाजूंनी ओढ सारखी असेल तरच टॉप सरळ राहतो. माल आणल्यावर चार-सहा दिवस वर्कशॉपमध्येच आडवा ठेवा, भिंतीला तिरका टेकवू नका.

२. टी-नट आधी, व्हिनियर नंतर. पाय बोल्टने जोडायचे आहेत, म्हणून मधल्या प्लायला वरून खाच करून टी-नट सपाट बसवा आणि त्यावर व्हिनियर चिकटवा. बाहेरून काहीच दिसत नाही. इथे बोल्टची लांबी मोजून घ्या. पायाची प्लेट ३ मिमीची असेल तर २० मिमीचा बोल्ट पुरतो. २५ मिमीचा टाकलात तर त्याचं टोक वरच्या थराला खालून ढकलणार आणि टॉपवर फुगवटा येणार.

३. दाब मधून कडेकडे. फेव्हिकॉल सगळीकडे सारखा पसरवा. कोरडी जागा राहिली की तिथे बुडबुडा येतो. प्रेस नसेल तर दोन जाड सरळ फळ्या आणि क्लॅम्प घ्या, मधून आवळत बाहेर या, रात्रभर तसंच ठेवा. दोन टॉप मधे प्लॅस्टिक घालून एकावर एक दाबता येतात. इथे पण एका वेळी दोन कामं झाली.

४. मशिनने घासताना हात आखडता घ्या. वरचा थर अर्धा मिलिमीटरचाच आहे. कडेला मशिन जरा जास्त थांबलं की खालचा प्लाय दिसायला लागतो आणि तो डाग कशानेच जात नाही. १८० नंबरचा पॉलिश पेपर, मग २४०, शेवटी ३२०. कडा हातानेच घासा.

५. रंग चढवू नका. चेरीवर गडद स्टेन सारखा बसत नाही, ठिपके-ठिपके दिसतात. पारदर्शक पीयू मारा. आपल्याकडची धूळ तर तुम्हाला माहीतच आहे. जमिनीवर पाणी शिंपडून, वारा सुटायच्या आत, सकाळी सकाळी पॉलिश उरका.

"मॉडर्न" म्हणजे ग्राहकाची अडचण सुटणं

टेबलाला निळे-जांभळे दिवे लावले म्हणजे ते मॉडर्न झालं असं नाही. तीन गोष्टी करा. पहिली, पाय काळ्या पावडर कोटिंगच्या लोखंडी पाइपचे. चेरीच्या तांबूस रंगाशेजारी काळा रंग उठून दिसतो आणि सोलापुरात फॅब्रिकेशन करून देणारे भरपूर आहेत. दुसरी, वायरी जायला मागे नीट भोक आणि खाली सॉकेटसाठी पत्र्याचा ट्रे, म्हणजे चार्जर जमिनीवर लोंबकळणार नाहीत. तिसरी आणि सगळ्यात महत्त्वाची, टेबल सुटं होतं. चार-आठ बोल्ट काढले की टॉप वेगळा, पाय वेगळे. लिफ्टमध्ये मावतं, जिन्यात अडकत नाही आणि पुण्याला नोकरीला असलेल्या मुलाकडे अडीचशे किलोमीटर पाठवायचं झालं तर टेम्पोत जागा कमी लागते. तुमचं मार्केट जुळे सोलापूरच्या बाहेर गेलं ते या बोल्टमुळे!

आता खरा हिशोब

खालचे आकडे समजण्यासाठी धरलेत. तुमच्या दुकानदाराचे आजचे भाव टाकून स्वतःचा तक्ता बनवा. एका टेबलाचा हिशोब असा:

- व्हिनियर शीट (अर्धी): ३,५००
- सगळा प्लाय: ३,२००
- लोखंडी पाय, पावडर कोटिंगसह: ३,५००
- कडेच्या पट्ट्या, फेव्हिकॉल, बोल्ट, खणाचे चॅनेल: १,८००
- पॉलिशचं सामान: १,५००
- वायरीचा ट्रे, सॉकेट: १,०००
- पॅकिंग: ५००

माल झाला १५,०००. तुमचे ३६ तास, तासाला १५० रुपये, म्हणजे ५,४००. हेल्परचे १२ तास, तासाला ७५, म्हणजे ९००. मजुरी ६,३००. माल अधिक मजुरी २१,३००.

इथेच बहुतेक जण थांबतात. "बावीस हजार सांगू, सातशे सुटतील." थांबा! भाडं, लाइट बिल, मशिनची झीज, फोन, पेट्रोल मिळून महिन्याला १२,००० जातात असं धरू आणि महिन्याला चार टेबलं होतात. म्हणजे प्रत्येक टेबलावर ३,००० आले. मालाची मोडतोड ५ टक्के, म्हणजे ७५०. खरा खर्च २५,०५०.

२२,००० ला विकलंत तर ३,०५० चा खड्डा पडतो. तो कुठून भरतो? तुमच्या मजुरीतून. ५,४०० मधून ३,०५० गेले, उरले २,३५०. ३६ तासांना भागा. तासाला ६५ रुपये. हेल्परला ७५ आणि मालकाला ६५! "हातात काही उरत नाही" या प्रश्नाचं उत्तर हे आहे. गिऱ्हाईक कमी नाही, हात कमी नाही, तक्त्यातल्या दोन ओळी कमी आहेत.

नफा लावताना अजून एक गोष्ट. विक्रीवर २० टक्के नफा हवा असेल तर खर्चात २० टक्के मिळवू नका. तसं केलं तर किंमत ३०,०६० येते आणि त्यावर नफा साधारण १६.७ टक्केच पडतो. खर्चाला ०.८ ने भागा. २५,०५० भागिले ०.८ म्हणजे ३१,३१२. गोल करून ३१,५००.

यातली निम्मी रक्कम, १५,७५०, ॲडव्हान्स घ्या. बघा, सगळा माल त्यात येतो, तुमचं भांडवल अडकत नाही. टेबल पॉलिश होऊन तयार झालं की ४० टक्के आणि घरी जोडून दिल्यावर उरलेले १० टक्के. हे कोटेशनवरच लिहून द्या, तोंडी नको.

कागदपत्रं: घाबरू नका, टाळू पण नका

महिन्याला चार टेबलं ३१,५०० ने विकली तर वर्षाची उलाढाल १५,१२,००० होते. महाराष्ट्रात फक्त वस्तू विकणाऱ्याला जीएसटी नोंदणीची मर्यादा ४० लाख रुपये आहे, म्हणजे सुरुवातीला तुम्ही तिच्या आत आहात. पण आपण सीमेवरचे लोक. विजयपूर किंवा कलबुर्गीचं गिऱ्हाईक आलं तर ती दुसऱ्या राज्यातली विक्री ठरते आणि तिथे साधारणपणे उलाढाल कमी असली तरी नोंदणी लागते. ऑर्डर घ्यायच्या आधी सीएला विचारा. शिवाय नोंदणी नसताना मालावर भरलेला जीएसटी परत मिळत नाही, म्हणून वरच्या तक्त्यात मालाचा भाव करासकट धरायचा.

उद्यम नोंदणी ऑनलाइन आणि मोफत आहे, त्यासाठी कुणाला पैसे देऊ नका. पीएम विश्वकर्मा योजना १७ सप्टेंबर २०२३ ला सुरू झाली, तिच्या १८ व्यवसायांत सुतार आहे. अवजारांसाठी १५,००० रुपयांपर्यंत मदत आणि ५ टक्के व्याजाने आधी १ लाखापर्यंत, मग २ लाखांपर्यंत कर्ज अशी तिची रचना आहे. पात्रतेच्या अटी आणि सध्याची स्थिती सेवा केंद्रात किंवा जिल्हा उद्योग केंद्रात विचारून घ्या.

"एवढं महाग?" याला उत्तर हातात ठेवा

चेरीची एक खासियत आहे. नवीन असताना ती फिकट गुलाबीसर दिसते आणि उजेड लागून हळूहळू तांबूस, गडद होत जाते. एक फूटभर तुकडा पॉलिश करा, अर्धा काळ्या कागदाने झाका आणि खिडकीत ठेवा. काही आठवड्यांनी कागद काढला की दोन रंग दिसतात. हाच तुकडा गिऱ्हाइकाच्या हातात द्या. "हे लाकूड वापरून सुंदर होतं" हे वाक्य तोंडाने पटणार नाही, तुकड्याने पटेल.

याचीच दुसरी बाजूही सांगा. पहिले काही महिने लॅपटॉप किंवा मॅट एकाच जागी ठेवली तर त्याखाली फिकट ठसा राहतो. टेबल देताना एक छोटं कार्ड द्या: वस्तू अधूनमधून हलवा, ओल्या कपड्याने पुसून तसंच सोडू नका, गरम कप थेट ठेवू नका. आधी सांगितलेली गोष्ट माहिती असते, नंतर सांगितली तर ती सबब वाटते.

आणि गिऱ्हाईक म्हणालंच, "बावीसला द्या की," तर किंमत कमी करू नका, वस्तू कमी करा. खण काढा, सॉकेटचा ट्रे काढा, साधं व्हिनियर सुचवा. त्याच वस्तूचा भाव पाडला तर पहिला भाव खोटा होता असंच समोरच्याला वाटणार.

या आठवड्याचं काम

वही घ्या. तुमची वस्तू कुठलीही असो, पापड, ब्लाउज, गेट किंवा टेबल. माल, स्वतःचे तास, हेल्पर, महिन्याचा खर्च भागिले नग आणि मोडतोड, या पाच ओळी लिहा. बेरीज करा, ०.८ ने भागा. येणारा आकडा आणि आज तुम्ही सांगता तो आकडा शेजारी शेजारी लिहा. दोन्हीत किती फरक आहे ते कमेंटमध्ये टाका. पुढच्या भागात त्यातले काही तक्ते घेऊन आपण एकेक ओळ तपासू.

चला, कामाला लागा!