वाडा तोच, ओटा नवा

दिवाळी उरकली की तालुक्याच्या गावांत एक वेगळीच लगबग सुरू होते. रंगारी मिळत नाही, गवंडी ‘उद्या येतो’ म्हणून आठवडा घालवतो, फरशीच्या दुकानासमोर टेम्पो उभे राहतात. पावसाळ्याच्या आत घराचं काम उरकायचं तर हेच पाच-सहा महिने हाताशी असतात. कुठे मुलीचं लग्न ठरलेलं असतं, कुठे नवी सून यायची असते. मग घराघरांत तोच वाद रंगतो. एकजण म्हणतो, ‘हे जुनं सगळं काढू, एकदाचं चकाचक करू.’ दुसरा म्हणतो, ‘वडिलार्जित आहे, एका खुंटीलाही हात लावायचा नाही.’ आणि जिला त्या घरात पहाटेपासून रात्रीपर्यंत वावरायचं असतं, तिला बहुतेक वेळा कोणी विचारतच नाही!

आपल्याकडच्या जुन्या घरांचा थाट काही औरच. पुण्याचा १८०७ सालचा विश्रामबागवाडा किंवा वाईजवळच्या मेणवलीचा नाना फडणवीसांचा वाडा पाहायला आपण मुद्दाम जातो. मेणवली तर २००४ सालच्या ‘स्वदेस’ चित्रपटामुळे घरोघरी पोचली. पण तशाच रचनेची साधी, लहान घरं आपल्या गावांत अजूनही नांदती आहेत. ओसरी, माजघर, देवघर, मधला चौक, सागवानी खांब, वर कडीपाट, भिंतीत कोनाडे आणि फडताळं. हे सगळं नुसतं शोभेसाठी नव्हतं बरं का! जाड भिंतींमुळे उन्हाळ्यात घर थंड राहतं, चौकातून उजेड-वारा आत येतो, कोनाड्यात दिवा सुरक्षित राहतो. त्या काळाच्या दृष्टीने ते अगदी सोयीचंच घर होतं. फक्त त्या काळी घरात फ्रीज नव्हता, मिक्सर नव्हता, आणि चुलीपाशी बसून राबणाऱ्या बाईच्या गुडघ्यांची चौकशी कोणी करत नव्हतं.

‘फोटो तुम्ही काढा, भाकऱ्या मी थापते’

सातारा जिल्ह्यातल्या माझ्या एका मैत्रिणीच्या सासरी असंच घर आहे. आल्यागेल्याने तोंड भरून कौतुक करावं, असं. पण तिचं स्वयंपाकघर घराच्या अगदी मागच्या अंगाला. भर दुपारीही दिवा लावावा लागे. ओटा कोणी तरी पूर्वी घाईने बांधलेला, तिच्या कमरेच्याही खाली. बावीस वर्षं वाकून वाकून तिची पाठ धरलेली. सासूबाई पंच्याहत्तरीच्या, त्यांना रात्री मागच्या न्हाणीघरापर्यंत जाताना दोन उंबरे आणि एक निसरडी पायरी ओलांडावी लागे. एका पावसाळ्यात त्या तिथेच घसरल्या. मनगटावर निभावलं म्हणायचं.

त्यानंतर घरात बैठक बसली. धाकट्या दिराचं म्हणणं, खांब-तुळया जुन्या लाकडाच्या व्यापाऱ्याला विकून त्या पैशांत सगळीकडे चकचकीत फरशी आणि पीओपी करून टाकू. मोठ्या दिरांचं म्हणणं, घराला हात लावाल तर याद राखा. ते स्वतः राहतात ठाण्याला, वर्षातून चार दिवस येतात! तेव्हा मैत्रीण पहिल्यांदा सगळ्यांसमोर बोलली, ‘दादा, घर सुंदर आहे हे मलाही कळतं. पण फोटो तुम्ही काढता, भाकऱ्या मी थापते.’ सगळे गप्प. मग सासूबाईच म्हणाल्या, ‘ती म्हणते ते खरं आहे. माझ्या वेळी कोणी ऐकलं नाही, तिच्या वेळी तरी ऐका.’

त्या एका वाक्याने काम मार्गी लागलं. त्यांनी एक साधा नियम केला. समोरून दिसतं ते जपायचं, हाताखाली आणि पायाखाली येतं ते सोयीचं करायचं. जुन्या घराला हा नियम फार चांगला लागू पडतो.

आधी हाडं, मग रंग

सुरुवात रंगापासून नको. आधी घराची हाडं तपासा. अशा घरांत वरचा भार बऱ्याचदा लाकडी खांब आणि तुळयांवर असतो. कोणता खांब काय तोलून धरतोय हे नुसतं बघून कळत नाही. म्हणून ‘ही भिंत काढली की हॉल मोठा होईल’ असं गवंडी म्हणाला तरी इंजिनिअरला दाखवल्याशिवाय पहार लावू देऊ नका.

लाकडावर मातीच्या बारीक नळ्या दिसतात का? टकटक केल्यावर पोकळ आवाज येतो का? तर वाळवी आहे असं समजा आणि आधी तिचा बंदोबस्त करा. खांबाच्या पायथ्याशी दगडी तळखडा असतो, तो लाकडाला जमिनीच्या ओलीपासून दूर ठेवतो. जुन्या फरशीवरच नवी फरशी चढवली की जमीन तीन-चार इंच वर येते, तळखडा बुडतो आणि खांबाचं लाकूड थेट ओल्या मालात रुततं. वर दारांची उंची कमी होते ती वेगळीच! फरशी बदलायचीच असेल तर जुनी काढून त्याच पातळीला बसवा.

शहाबादी फरशी धड असेल तर बदलूच नका. सांधे भरून, घासून घेतली की ती पुन्हा छान दिसते. मात्र तिच्यावर अॅसिड ओतू नका. हा चुनखडीचाच दगड, अॅसिडने तो खातो आणि पांढरे डाग पडतात. साधा साबण आणि पाणी पुरे.

मातीच्या किंवा चुन्याच्या भिंतींना सिमेंटचा गिलावा करायचा आग्रह गवंडी हमखास धरतो. पण अशा भिंती जमिनीतली ओल हळूहळू बाहेर सोडत असतात. वरून सिमेंट लिंपलं की ओल आत कोंडते आणि दोन-चार पावसाळ्यांत पोपडे धरतात. चुन्याचं काम करणारा कारागीर शोधा आणि वरून ऑइलपेंटऐवजी चुन्याची सफेदी द्या. पीओपीच्या छताचंही तसंच. कडीपाट झाकला की वर गळतंय का, वाळवी लागली का, हे वेळेवर कळतच नाही. त्यापेक्षा लाकूड घासून जवसाचं तेल लावा, रंग खुलतो. फक्त तेलाच्या चिंध्या गोळा करून कोपऱ्यात टाकू नका. तशा ढिगाला आपोआप आग लागू शकते. त्या बाहेर पसरून वाळवा आणि मगच फेका.

स्वयंपाकघर तुमच्या मापाचं

इथे मात्र जुन्याचा मोह सोडा. ओट्याची उंची सुताराच्या सवयीने नाही, तुमच्या कोपराने ठरवा. सरळ उभं राहून हात कोपरात दुमडा. कोपरापासून साधारण चार इंच खाली ओटा यायला हवा. बहुतेकींना तो ३२ ते ३४ इंचांचा लागतो. रुंदी दोन फूट पुरते. पोळ्या लाटताना खांदे वर उचलावे लागत असतील तर ओटा उंच झाला, पाठ वाकत असेल तर बुटका झाला. घरात दोघी-तिघी स्वयंपाक करत असतील तर जास्त वेळ जी उभी राहते, तिचं माप धरा. बसून भाकरी करायची सवय असेल तर एका बाजूला बुटका ओटा आणि स्टूल ठेवायला काय हरकत आहे?

गॅस, सिंक आणि फ्रीज एकमेकांपासून चार-सहा पावलांवर असले की दिवसभराची पायपीट वाचते. सिलिंडर उभाच ठेवा, शेगडी त्याच्यापेक्षा उंचावर हवी. रबरी नळी आयएसआय शिक्क्याची घ्या आणि दर पाच वर्षांनी बदला. शेगडीसमोरच खिडकी नको, वाऱ्याने ज्योत विझते. बाजूला असू द्या.

ट्रॉल्यांचं मॉड्युलर किचन सगळ्या घरांना मानवत नाही. उंदीर-घुशींचा त्रास असलेल्या, ओल धरणाऱ्या घरात प्लायवूड लवकर फुगतं. माझ्या मैत्रिणीने ओट्याखाली कडाप्प्याचे कप्पे करून घेतले, त्यात स्टीलच्या जाळ्यांच्या तीन ट्रॉल्या बसवल्या आणि बाहेरून जुन्या सागवानी दरवाजांच्या फळ्यांची दारं लावली. भिंतीतलं फडताळ घासूनपुसून त्याला काचेची दारं केली. आज त्यात रोजचे डबे असतात. खर्च आटोक्यात राहिला आणि स्वयंपाकघर परकं वाटत नाही.

उजेड आणि वीज

माजघरातला अंधार हे जुन्या घरांचं मोठं दुखणं. कौलारू छप्पर असेल तर एक स्वस्त उपाय आहे. दोन-चार कौलांच्या जागी काचेची कौलं बसवा. भिंत न फोडता, दिवा न लावता दिवसभर उजेड मिळतो. चौकावर पत्रा टाकून खोली वाढवायचा विचार चालला असेल तर दहादा विचार करा. चौक बुजला की आजूबाजूच्या सगळ्या खोल्या अंधाऱ्या होतात.

लाकडी पट्ट्यांवरचं जुनं वायरिंग मात्र ठेवू नका. आज फ्रीज, गीझर, वॉशिंग मशीन, मिक्सर या सगळ्यांचा भार त्या वायरांवर पडतो, आणि वर छत लाकडाचं! नवं वायरिंग, नीट अर्थिंग आणि विजेचा धक्का जीवघेणा ठरण्याआधीच प्रवाह तोडणारं ३० मिलिअँपिअरचं आरसीसीबी एवढं करून घ्याच. वायरी नळीतून, तुळईच्या मागच्या बाजूने नेल्या तर दिसतही नाहीत. कोनाड्यात छोटा एलईडी दिवा लावला की पूर्वीसारखी मंद शोभा येते आणि रात्री उठणाऱ्या म्हाताऱ्या माणसांची सोयही होते.

आजी-आजोबांसाठी

घर सुंदर आहे की नाही, हे पाहुणे ठरवतात. ते चांगलं आहे की नाही, हे घरातलं सगळ्यात म्हातारं माणूस सांगतं. न्हाणीघर आणि संडास शक्य तर झोपायच्या खोलीजवळ आणा. खाली गुळगुळीत फरशी नको, खरखरीत हवी. कमोडशेजारी भिंतीत पक्का बसवलेला दांडा, जमिनीपासून ३३ ते ३६ इंचांवर. टॉवेलच्या दांडीचा आधार घेऊ नये, ती निसटते. दार बाहेर उघडणारं करा. आत कोणी पडलं तर आत उघडणारं दार माणसामुळे अडतं आणि मदत करता येत नाही.

उंबरा काढायला घरच्यांचं मन धजत नाही, ते समजू शकतं. मुख्य दाराचा उंबरा राहू द्या, हळदीकुंकू त्यावर वाहू द्या. आतले मात्र सपाट करा. उतार करायचा तर एक फूट उंचीला बारा फूट लांबी धरा, तेव्हाच व्हीलचेअर सहज चढते. माडीवर जाणारा अंधारा, उभा जिना असेल तर दोन्ही बाजूंना कठडा आणि वर-खाली दोन्हीकडे दिव्याचं बटण हवं.

पैसा, कागद आणि तुमचं मत

वडिलार्जित घर बऱ्याचदा तीन-चार जणांच्या नावावर असतं. काम काढण्याआधी मालमत्तेचा उतारा बघा, सगळ्या हिस्सेदारांची लेखी संमती घ्या. खर्च कोणी किती केला याच्या पावत्या एका फाइलीत ठेवा. पुढे वाटणीच्या वेळी याच कागदांवरून नाती तुटतात किंवा टिकतात. गावठाणात किंवा नगरपालिकेच्या हद्दीत मोठे बदल करायचे तर परवानगी लागते, तीही आधी विचारा.

पैसे कमी असतील तर क्रम असा धरा. पहिल्यांदा छपराची गळती आणि वाळवी, मग वीज, मग न्हाणीघर, मग स्वयंपाकघर आणि शेवटी दिवाणखाना. आपल्याकडे बरोबर उलटं होतं! पाहुण्यांची खोली सजते आणि घरच्या बाईच्या वाट्याला येईपर्यंत पैसे संपतात. एकूण अंदाजाचा दहावा हिस्सा तरी हाताशी राखून ठेवा, जुन्या भिंतीत काय निघेल याचा नेम नसतो.

मैत्रिणीच्या घरी आता ओसरीवर तोच झोपाळा आहे, तेच खांब आहेत. सासूबाई रात्री एकट्या उठून जाऊन येतात, कोणाला हाक मारावी लागत नाही. ठाण्याचे दादा परवा येऊन गेले, त्यांना फारसं काही बदललेलं दिसलंच नाही. यातच सगळं आलं, नाही का?

तेव्हा मैत्रिणींनो, या रविवारी एक वही घ्या. सकाळपासून रात्रीपर्यंत घरात कुठे वाकावं लागलं, कुठे अडखळायला झालं, कुठे अंधार वाटला, हे सगळं लिहून काढा. सासूबाईंनाही विचारा, मुलांनाही विचारा. रंगारी किंवा गवंडी येईल तेव्हा त्याच्या हातात रंगांचं पुस्तक देण्याआधी ही वही द्या.