कल्हईच्या भट्टीपासून सोल्डरिंगच्या टेबलापर्यंत

स्टेनलेस स्टील घरोघरी येईपर्यंत सातारा-सांगलीच्या गावांत कल्हईवाल्याची फेरी ठरलेली असे. तापलेल्या पितळी पातेल्यात तो नवसागर टाकी, भपकन पांढरा धूर उठे आणि वितळलेलं कथील कापसाच्या बोळ्याने फिरवताच पातेलं आतून लखलखे. धातू तापला की हवेतल्या ऑक्सिजनमुळे त्यावर थर चढतो. त्या थरावर कथील धरत नाही. तापलेल्या नवसागरातून सुटणारं आम्ल तो थर खाऊन टाकतं. असा थर काढणाऱ्या पदार्थाचं, म्हणजे फ्लक्सचं, मूळ काम हेच.

सोनाराकडे ते काम टाकणखार करतो. विटा, आटपाडी, माण, खटावच्या दुष्काळी पट्ट्यातून देशभर गेलेल्या, सोनं-चांदी गाळणाऱ्या गलाई कारागिरांच्या मुशीतही तोच पडतो. सोनारकामात पुढे कॅडमियमचा डाख आला, म्हणजेच ‘केडीएम’. तो कमी उष्णतेला वितळे, टाका नेटका बसे. पण त्याची वाफ फुप्फुसं आणि मूत्रपिंडं नासवते. हॉलमार्कच्या सोन्यात आता त्याला जागा नाही.

1962 मध्ये कोयनेची वीज सुरू झाली, 1963 मध्ये सांगलीला आकाशवाणी केंद्र आलं. रेडिओ वाढले, तशी दुरुस्तीची दुकानं वाढली. इथला फ्लक्स म्हणजे राळ. पत्र्याच्या कामाला चालणारं जस्त विरघळवलेलं अ‍ॅसिड इथे चालत नाही. मागे उरलेला अंश बारीक तार कुरतडत राहतो. आधी तार आणि पट्टी दोन्ही तापवायची, मग सोल्डर टेकवायचं. राळ शाबूत असेल तर ते चकाकत पसरतं. राळ जळून गेली की सोल्डरचा गोळा होतो, जोड कच्चा राहतो आणि ‘ड्राय सोल्डर’ झालेला रेडिओ दुकानात परत येतो.

या सगळ्या काळात कारागिरी वाढली, धुराकडे मात्र दुर्लक्ष झालं. सोल्डरिंग आयर्नच्या 350 अंश सेल्सिअसच्या टोकावर सोल्डरमधल्या शिशाची वाफ जवळपास होत नाही. दिसतो तो धूर राळेचा, आणि तो रोज छातीत गेला तर दमा जडू शकतो. शिसं पोटात जातं ते मुख्यतः हातावाटे, बिडीबरोबर किंवा भाकरीबरोबर.

म्हणून नव्याने शिकणाऱ्यांनी धूर तोंडापासून दूर ओढणारा पंखा लावावा, चष्मा घालावा, साबणाने हात धुऊन मगच चहा घ्यावा. शिकवणाऱ्या प्रत्येक आयटीआयने आणि उस्तादाने हातात सोल्डरिंग आयर्न देण्याआधी एवढी सवय लावलीच पाहिजे.