रक्तवाढीच्या इंजेक्शनामागची ऐंशी वर्षं

डायलिसिसवरच्या रुग्णांना आज सर्रास मिळणारं रक्तवाढीचं इंजेक्शन १९८९ मध्ये अमेरिकेत मंजूर झालं. तोवर हिमोग्लोबिन उतरलं की रक्त चढवायचं आणि पुन्हा उतरलं की पुन्हा चढवायचं, एवढंच हाती होतं. त्यातून कावीळ लागायची, शरीरात लोह साठत जायचं.

या इंजेक्शनातल्या एरिथ्रोपोएटिन या संप्रेरकाचा माग मात्र १९०६ मध्येच लागला होता. पॅरिसमध्ये पॉल कार्नो आणि क्लोतिल्द देफ्लांद्र यांनी, रक्त काढून पांडुरोगी केलेल्या सशांचं सीरम निरोगी सशांना टोचलं. त्यांच्या तांबड्या पेशी वाढल्या. पण इतरांना तो प्रयोग धड जमेना आणि कल्पना मागे पडली. १९५७ मध्ये शिकागोच्या जेकबसन, गोल्डवासर आणि सहकाऱ्यांनी दाखवलं, की मूत्रपिंडं काढलेल्या उंदरांत हे एरिथ्रोपोएटिन फारसं तयारच होत नाही. मूत्रपिंड निकामी झालं की रक्त का आटतं, याचं उत्तर त्यात होतं.

आता ते शुद्ध रूपात हवं होतं. युजीन गोल्डवासर वर्षानुवर्षं पांडुरोगी मेंढ्यांच्या रक्तातून ते गाळत राहिले. हाती आलं ते अगदीच थोडं. मग जपानमधल्या कुमामोतोहून ताकाजी मियाके यांचं पत्र आलं. ते अप्लास्टिक ॲनिमियाच्या रुग्णांची लघवी जमवत होते. या आजारात अस्थिमज्जा पेशी बनवत नाही. रक्त कमी पडतंय म्हणून मूत्रपिंड संप्रेरक सोडतच राहतं आणि ते लघवीवाटे वाहून जातं. २,५५० लिटर लघवी आटवून केलेली भुकटी मियाके १९७५ मध्ये शिकागोला घेऊन आले. तिच्यातून दहा मिलिग्रॅमही संप्रेरक निघालं नाही. पण पुढचं सगळं तेवढ्यावर उभं राहिलं. मला या इतिहासात सर्वांत मोठे वाटतात ते हेच रुग्ण. त्यांची मज्जा या संप्रेरकाला दाद देत नव्हती. त्यांनी दिलेलं कामी आलं ते दुसऱ्यांच्या.

त्या नमुन्याच्या आधारे फू-कुएन लिन यांनी १९८३ मध्ये एरिथ्रोपोएटिनचं जनुक शोधलं. त्यातून बनलेल्या औषधाच्या सिअ‍ॅटलमधल्या चाचण्यांत रुग्णांना रक्त चढवण्याची गरज उरली नाही.

पुढे उत्साहाला लगाम बसला. हिमोग्लोबिन १३ पर्यंत नेऊ पाहिलं तर पक्षाघाताचा धोका वाढतो, हे २००९ मध्ये दिसलं. हे संप्रेरक सोडायला लावणारी ऑक्सिजनची कमतरता पेशींना कशी कळते, या संशोधनाला २०१९ चं नोबेल मिळालं. त्याच ज्ञानावर बेतलेली, शरीरालाच एरिथ्रोपोएटिन बनवायला लावणारी डेसिडुस्टॅटची गोळी २०२२ पासून भारतात मिळते.